चूल धुरापायी फोडली

३० मार्च, रविवार. पाडवा

सकाळी लिंबाचा पाला चावला तेव्हा वाटलं, वर्षाचं कडू एवढ्यात भागलं. कशाचं काय! गुढीला नैवेद्य दाखवते न दाखवते तोच लातूरहून रामलिंगचा फोन.

रामलिंग माझा एकुलता एक. तो कृषी खात्यात, बायको पाटबंधारे खात्यात इंजिनियर. दोघं सकाळी घर सोडतात ते दिवे लागल्यावर येतात. लेकरांना सांभाळायला बाई होती, ती जूनपासून लेकीकडं पुण्याला चालली. तर हा म्हणतो, "माय, दोघांना तुझ्याजवळ कंधारला ठेवू का? अक्षराला तिथंच पहिलीत घालू."

मी म्हणलं, विचारून राहिलास काय, आजच आणून सोड! हे गेल्यापासून या घरात मी भिंतीशी बोलते. तीस वर्षं अंगणवाडीत गावाची लेकरं सांभाळली, नाकं पुसली, आणि स्वतःची नातवंडं मात्र पाहुण्यासारखी यायची नि जायची.

मग पुढं शेपूट निघालं. "पण माय, चुलीचा धूर बंद करावा लागंल. धाकट्याला बाळदमा हाय. डॉक्टर म्हणले, धुराच्या घरात ठेवायचंच न्हाई."

धुराचं घर! याच धुरात तू घोड्यासारखा वाढलास की रे. तोंडावर आलं होतं, पण गिळलं. शब्द त्याचे असले तरी बोलणं कुणाचं ते मला कळतं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवावं? तिनं सरळ फोन करावा की.

म्हणतो, गॅस आत घे आणि चूल मोडून टाक. गॅस माझ्याकडं आहे, पण तो पडवीत मांडलाय, सुनेसाठी. शिकलेली पोर, तिला गॅसची सवय. आली की पडवीत वाऱ्याला मोकळं रांधता येतं तिला. आतलं स्वयंपाकघर अंधारं, तिथं तिचा जीव कोंडेल. गॅस आत आणला तर तीही आत येणार, मग सगळाच घोळ. त्यापेक्षा चूल साफ करते. धुराडं तुंबलंय, दुसरं काही नाही. ते मोकळं झालं की धूर वर जाईल आणि लेकरं इथं येतील. ठरलं.

५ एप्रिल, शनिवार

आज चुलीच्या मागं लागले. पदर खोचला, केरसुणी घेतली, जुना विळा घेतला. चुलीवर पत्र्याचं धुराडं आहे, ते छपरातून वर गेलंय. यांनी बसवलेलं. त्याला कधी कुणी हात लावला नव्हता. विळ्यानं खरवडलं तर काजळीचे पापुद्रेच्या पापुद्रे माझ्या डोक्यावर. वरच्या वाशांना लोंबणाऱ्या काळ्या जाळ्या केरसुणीनं ओढल्या, त्या तोंडात गेल्या. सगळं घर काळं. पीठ काळं, देव्हारा काळा, वाळत घातलेलं लुगडं काळं.

तेवढ्यात केवळा अक्का आली. माझी थोरली जाऊ, पलीकडच्या भिंतीला राहते. दारात उभी राहून हसायला लागली. "साखरे, शिमगा होऊन गेला की गं! आता कशाला सोंग घेतलंस?"

म्हणलं, नातवंडं येणार हाय जूनला. धूर काढून राहिले.

"मंग जिच्या लेकरापायी करून राहिलीस, तिलाच बोलव की घासायला. इंजिनियर हाय म्हणं."

"तिला कशाला आत?"

"हां," अक्का म्हणली. "तेबी खरंच."

अक्काचं हे असं. निम्मं बोलते आणि निम्मं दारात सोडून जाते.

संध्याकाळी चूल पेटवली. धूर पहिल्यासारखाच माघारी घरात. खोकून खोकून माझा जीव अर्धा झाला, थुंकीसुद्धा काळी पडली. देवा, एवढं घासून काय मिळालं?

१३ एप्रिल, रविवार

रामलिंगचा फोन. उद्याच्या जयंतीला सगळे नांदेडला, तिच्या माहेरी. तिथून शुक्रवारी इकडं येतील आणि आठवडाभर राहतील. आठवडाभर! लग्नापासून एवढं कधी राहिले नाहीत.

जयंती आधी, मग सासू. असू दे. मी तोंड उघडत नाही. लग्न केलं तेव्हाही उघडलं नाही. लोकांनी काय काय केलं असतं, लेकाला दार बंद केलं असतं. मी आहेर केला, सुनेला ओवाळलं. मला कुणी नाव ठेवू शकत नाही.

विहीणबाई चांगुणाबाईसुद्धा स्वभावानं चांगल्या. दोनदा गेले त्यांच्याकडं. त्यांनी केवढालं रांधलं होतं, पण योग बघा, दोन्ही खेपेला माझा उपास निघाला. केळं तेवढं खाल्लं. अर्धापूरचं होतं, गोड. साल काढायचं माझ्या हातानं, म्हणजे काही प्रश्न नाही.

नातवाचं नाव त्यांनी अश्वजित ठेवलंय. माझ्या जिभेला ते वळत नाही. मी त्याला भुजंग म्हणते, आजोबाचं नाव. तो माझ्या हाकेला बघतसुद्धा नाही. लहान आहे, होईल सवय.

१८ एप्रिल, शुक्रवार

आली. गाडीतून उतरल्याबरोबर अक्षरा माझ्या कमरेला चिकटली. सहा वर्षांची होत आली, तोंड तर रेडिओ. "आजी, तुझी पाठ अजून दुखती का? मी दाबते." एवढ्याशा मुठींनी दाबलीसुद्धा. कुणी सांगावं लागत नाही पोरीला. तीन वर्षांचा धाकटा बारीक झालाय. छातीत मांजर बसल्यासारखा घुरघुरतो.

पडवीत सगळं मांडून ठेवलं होतं. गॅस, पाण्याचा वेगळा माठ, तिचं ताट, तिचा फुलाफुलाचा कप. तो कप खास तिच्यासाठी आणलाय, दुसऱ्या कुणाला मी लावू देत नाही. जपून वरच्या फळीवर ठेवते. एवढी कौतुकं कोणती सासू करते?

आत मी चुलीवर भाकरी टाकल्या. थोड्या वेळात धाकट्याला उबळ आली. थांबेना. डोळे पांढरे करायला लागला. सुनेनं पळत पिशवीतून वाफेचं मशीन काढलं, नाकाला मास्क लावला, मांडीवर घेऊन बसली. रामलिंग माझ्याकडं बघत राहिला. मी तव्यातली भाकरी तशीच टाकून चुलीवर पाणी ओतलं. लेकराला काही झालं असतं म्हणजे?

सून म्हणाली, "आई, तुमचं काही चुकलं नाही. धुराडं तुंबलंय. मी बघू का आत येऊन?"

म्हणलं, राहू दे बाई, तू पाहुणी. बघते मी.

२० एप्रिल, रविवार

हिमायतनगरला माझ्या बहिणीचे मालक वारलेत, उद्या दहावा. जाणं भाग आहे. दोन दिवस चूल बंद, सगळ्यांनी पडवीत गॅसवर खायचं, असं सांगून निघाले. आत कुणी जायचं नाही असं म्हणणार होते. पण ते कसं म्हणावं? लेकरांना काजळी लागेल, एवढं म्हणलं.

२२ एप्रिल, मंगळवार

दुपारी एसटीनं उतरले. अंगणात काळ्या पाण्याचा ओघळ वाळलेला, काळी ओली पोती भिंतीला टेकवलेली.

अक्षरा पळत आली. "आजी, डोळे मिट! मिट की!" हात धरून नेलं मला. उघड म्हणली तेव्हा मी माझ्या स्वयंपाकघरात होते, आणि सून माझ्या पाटावर बसून, माझ्या चुलीपुढं, माझ्या काटवटीत भाकरी थापत होती.

धूर नव्हता. जे आहे ते लिहिते. तुराट्या धडधड पेटल्या होत्या आणि धूर सगळा सरळ वर चालला होता. धाकटा उंबऱ्यात बसून भाकरीचा पापुद्रा खात होता, एकदाही खोकला नाही.

अक्षराला काय सांगू नि काय नको झालं होतं. आईनं दोघांना आधी पलीकडं ओसरीत बसवलं, इकडं यायचं नाही म्हणून दम दिला. दाराला ओली चादर लावली, तोंडाला फडकं बांधलं. बाबा छपरावर चढला. बाभळीची काटेरी फांदी दोरीला बांधून वरून बाबानं, खालून आईनं, धुराड्यातून वरखाली ओढली. आधी पाणी शिंपडलं, म्हणून काजळी उडलीच नाही, चिखलासारखी पडली. वरून चिमणीचं जुनं घरटं निघालं. रिकामं होतं, आजी, पिल्लं नव्हती. मग आईनं सोड्याच्या पाण्यानं भिंती पुसल्या, सगळी फरशी धुतली आणि आंघोळ करून मगच आम्हाला जवळ घेतलं.

चूल खरवडून शेणमातीनं सारवली होती. माझ्या हाताला असं सारवण येत नाही, आणि हे लिहिताना मला राग येतोय. चुलीच्या अंगावर चुन्याचे दोन पंजे, एक अक्षराचा, एक धाकट्याचा. "ही आमची सही हाय, आजी. आता आमी इथंच राहणार ना!"

रामलिंग तर नुसता फुलला होता. "झालं माय, धुराचं काम! जूनला आणून सोडतो दोघांना."

म्हणलं, बरं केलं बाई. दुसरं काय म्हणणार? जूनला लेकरं येणार, मला हवं होतं तेच झालं.

सून म्हणाली, "आई, बसा. भाकरी गरम आहे."

"आज माझा उपास हाय."

"तुमचा सोमवार असतो ना?"

"मंगळवार बी धरलाय आता."

ती उठून केळं घेऊन आली. न सोलता आणलं, सालीसकट माझ्यापुढं ठेवलं. तेवढं वळण आहे पोरीला.

२३ एप्रिल, बुधवार

पोट बिघडलं म्हणून सांगितलं. दिवसभर मुरमुरे खाल्ले. रामलिंग म्हणला, "माय, दवाखान्यात जाऊ." सून म्हणाली, "राहू द्या, उद्या आपण गेलो की त्यांना बरं वाटेल." शिकलेल्या माणसाला कळतं, पाहुण्यांच्या गडबडीत पोट बिघडतं ते.

अंगणवाडीत मी सरकारी चुलीवर सगळ्यांची खिचडी एका पातेल्यात शिजवली. कुणाचं लेकरू कुठल्या गल्लीचं ते विचारलं नाही. सगळ्यांना एका पळीनं वाढलं. उद्या कुणी माझ्यावर काही म्हणायला लागलं तर त्या लेकरांना विचारा म्हणावं. पण सरकार वेगळं आणि घर वेगळं. चुलीत आमचा देव असतो. माझी सासू याच चुलीला हळदकुंकू वाहायची. मी काय तिच्यापेक्षा शहाणी?

२४ एप्रिल, गुरुवार

सकाळी गेली. निघताना धाकट्याच्या गालाला तीट लावावी म्हणून चुलीत बोट घातलं, तर बोटभर काजळी मिळेना. एवढी लख्ख. सून हसली, "आई, आता तीट कुठून आणणार?" मीही हसले. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत हात हलवला.

मग आत आले, कोपऱ्यातली कुदळ घेतली.

नीट लिहून ठेवते. चूल जुनी झाली होती. तडे गेले होते. वरून सारवलं तरी आतून धूर मुरलेला असतो, तो लेकरांना बाधतो. जूनला ती इथं राहायची, तर नवीच चूल असावी. म्हणून फोडली, धुरापायी.

दोन-तीन घावातच ढासळली. मातीचं काय असतं! मी ढेकळं गोळा करून राहिले होते तर मागं चपलांचा आवाज. अक्षरा! मशीनचा मास्क खुंटीला राहिला होता, म्हणून गाडी माघारी वळवली होती. तिचे आई-बाप कोपऱ्यावर गाडीत, आणि ही एकटी पळत आत.

"आजी, चूल?"

"उंदीर शिरला होता गं आत. मोठा. म्हणून काढली."

तिनं कुदळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मग आमचा हात?"

"दुसरा काढू. जूनला आली की काढू."

तिनं मास्क घेतला. मग खाली बसून ढेकळं चाळली आणि धाकट्याच्या पंजाची चार बोटं असलेलं एक ढेकूळ उचललं. फ्रॉकच्या ओच्यात धरून घेऊन गेली. लेकरांना कशाचंही खेळणं लागतं. लातूरला पोचेपर्यंत विसरून जाईल.

पोटात भूक लागली होती. पडवीतला गॅस धुऊन घेतला, भात टाकला. पोटभर जेवले.

२६ एप्रिल, शनिवार

नवी चूल घातली. काळी माती, भुसा, शेण, सगळं स्वतः तुडवलं. पाठीची वाट लागली. काटवट, तवा, पाट, सगळं गोमूत्र शिंपडून घेतलं. काजळी बसली होती त्याला.

केवळा अक्का येऊन बघून गेली. "बरं केलंस साखरे. मी म्हणत होते, आता तुझ्या घशाखाली घास कसा उतरल."

मला तिडीक आली. "अक्का, धुरापायी फोडली मी. दुसरं काही न्हाई."

"हाव, हाव. धुरापायीच. मी कुठं काय म्हणून राहिले? घरोघरी मातीच्याच चुली, बाई."

असं म्हणून डोळा बारीक करून हसली. मला ते हसणं आवडलं नाही. ती समजते तसली मी नाही.

४ मे, रविवार

नवी चूल धूर सोडते. तोंड चुकलं काय की, नाहीतर धुराड्याच्या बरोबर खाली बसली नाही. सगळा धूर माघारी घरात. पेटवली की मी अंगणात आणि भाकरी आत. वासे आठवड्यातच काळे झाले. अक्का म्हणते, वीतभर मागं सरकवायला पाहिजे होती. आधी बोलायला हिच्या तोंडाला काय झालं होतं?

तिनं कसं केलं होतं ते विचारावं म्हणून फोन हातात घेतला. मग ठेवून दिला. काय म्हणून विचारणार?

१२ मे, सोमवार

रामलिंगचा फोन बऱ्याच दिवसांनी. आधी एक दिवसाआड करायचा. इकडचं तिकडचं झालं, मग म्हणला, "माय, चूल कशी हाय?"

"चांगली हाय की."

"तीच हाय ना?"

आता एवढ्या लांबून त्याला काय उंदराचं सांगत बसायचं. म्हणलं, "हाव, तीच हाय."

पलीकडून आवाजच नाही. हॅलो हॅलो केलं. मग म्हणला, "बरं." आणि ठेवला. आपल्याकडं रेंजच नीट येत नाही.

शाळेत जाऊन अक्षराच्या नावाची चौकशी करून आले. बाई ओळखीच्या आहेत, माझ्याच अंगणवाडीत शिकलेल्या. म्हणाल्या, दाखला आणा आणि बसवा. वाटेत दोघांना दोन पाट्या घेतल्या. धाकट्याला आत्ता पाटी कशाला, पण एकीला आणली तर दुसरा रडणार.

२५ मे, रविवार

लेकरं येणार नाहीत.

रामलिंगनं सरळ सांगितलं. नांदेडला राहतील, चांगुणाबाईंकडं. शाळा तिथंच बघितली.

मी म्हणलं, का रे बाबा? धूर? त्यांच्या गच्चीवर तर आंघोळीच्या पाण्याला बंब पेटतो की! तो धूर काय गुलाबाचा असतो का? तो बाळदम्याला चालतो का?

"माय," तो म्हणला, "धुराचं राहू दे."

"राहू दे कसं? धुराचंच तर होतं सगळं! तूच म्हणलास!"

"तुला खरंच कळत न्हाई का, माय?"

काय कळायचंय? मी चूल घासली, ती मी परत घातली, माझ्या पाठीचं भूस झालं. मला लेकरं पाहिजेत. एवढंच पाहिजे मला. मी फोनवर रडले, लाज सोडून रडले. तोही तिकडं नाक ओढत होता. शेवटी म्हणला, पुढच्या रविवारी लेकरांना नांदेडला सोडायला निघू, तेव्हा तुझ्याकडं थांबू जरा.

थांबू दे. एकदा लेकरं घरात आली की मी बघते. चुना कालवून ठेवते. अक्षराला म्हणते, ये, पंजा उमटव, हे तुझंच घर. पोरगी माझ्यावर जीव टाकते. ती हट्टाला पेटली तर बापाचं काही चालायचं नाही.

१ जून, रविवार

पहाटेच चूल पेटवून धपाटे करून ठेवले आणि लगेच विझवली, धूर निघून जावा म्हणून. दारं-खिडक्या उघड्या टाकल्या. चूल पोतेऱ्यानं सारवली. वाटीत चुना कालवला.

आली. धाकटा गाडीतच झोपला होता. सून पडवीत आली, पण बसली नाही. मी पडवीतल्या गॅसवर चहा ठेवला, फळीवरून फुलाफुलाचा कप काढला, पदरानं पुसला.

"राहू द्या आई," ती म्हणाली. "आज माझा उपास आहे."

मी बघतच राहिले. यांच्यात कुठले रविवारचे उपास? पौर्णिमेचा धरतात म्हणं, पण पौर्णिमा तर केव्हाच होऊन गेली. ती माझ्याकडं सरळ बघत होती. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मीही बोलले असते चार शब्द. रामलिंग भिंतीकडं तोंड करून उभा. मी कप परत फळीवर ठेवला.

मग अक्षराला हाक मारली. "ये गं माझी बाई, आत ये. बघ नवी चूल! चुना बी कालवलाय. ये, पंजा उमटव."

ती आली. चपला काढल्या, उंबऱ्यापाशी आली आणि तिथंच थांबली. आत वाकून बघितलं. दोन्ही हात मागं बांधले.

"ये की."

"नको आजी."

"आगं का? तुझ्यासाठीच हाय."

"मी हात लावला की तुला परत चूल फोडावी लागंल," ती म्हणली. "तुझी पाठ दुखती ना."

काळजीनं म्हणली ती. माझ्या पाठीची काळजी.

"कुणी सांगितलं गं तुला असलं? आईनं?"

"कुणीच न्हाई. मी आईला विचारलं, तर ती काहीच बोलली न्हाई. मग मीच वळखलं."

वाटी माझ्या हातात तशीच. उंबऱ्याच्या आत मी, बाहेर ती, मधे एक पाऊल. मला तिला उचलून आत घ्यायचं होतं. आता लिहिताना वाटतं, उचलायला पाहिजे होतं. तेव्हा हात हलला नाही. का हलला नाही ते मला ठाऊक नाही.

सून म्हणाली, "चल अक्षरा, उशीर होतोय. आई, येतो आम्ही." पदर डोक्यावर घेऊन वाकली, पण पायाला हात लावला नाही, वरच्यावर नमस्कार केला. पूर्वी लावायची. तेव्हा मी पाय थोडे मागं घ्यायचे, लाजून.

धाकट्याला तीट तरी लावावी म्हणून चुलीत बोट घातलं. आता काजळीला तोटा नाही, बोट कोळशासारखं निघालं. पळत गाडीपाशी गेले. सून म्हणाली, "झोपलाय, आई," आणि हळूच काच वर घेतली. काचेतून त्याचा गाल दिसत होता. मी हाक मारली, भुजंग म्हणून. मग दुसऱ्या नावानं मारली, अश्वजित म्हणून. जीभ वळली की! पण तोवर गाडी निघाली होती.

धपाट्यांचं गाठोडं ओसरीवर तसंच राहिलं. अक्का भिंतीवरून विचारत होती, "गेली का गं? थांबली न्हाईत?" मी ओ दिली नाही.

आत आले. वाटीतला चुना वाळायला लागला होता. वाया कशाला घालवायचा म्हणून माझाच हात बुडवला आणि चुलीच्या अंगावर पंजा उमटवला. वाकड्या बोटांचा, केवढा मोठा दिसतो. त्यातलं एक बोट काळं आलंय. बाजूला अजून दोन पंजांची जागा आहे.

चूल मी धुरापायी फोडली. पुढं कधी अक्षरानं हे वाचलं तर तिला कळावं, म्हणून इथं लिहून ठेवते. धूर लई होता.